अर्धं भरलंय हे अणूला कोण सांगतं?

प्रश्न : मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर आहे, हे दुसरंच वर्ष. मागच्या आठवड्यात अकरावीला आवर्तसारणी चालू होती. आयनायझेशन एनर्जी (आयनीकरण ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ऊर्जा) डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते, इथपर्यंत सुरळीत झालं. मग अपवाद आले. नायट्रोजनची ऑक्सिजनपेक्षा जास्त, का? तर नायट्रोजनचं टू-पी (दुसऱ्या कवचातली इलेक्ट्रॉनची तीन घरं, प्रत्येकात दोघांची जागा) अर्धं भरलेलं आहे, म्हणून तो जास्त स्थिर. एवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, पण आपलं अर्धं भरलंय हे अणूला कसं कळतं?" वर्ग हसला. मीही हसले. "अगं, नियम आहे तो, लिहून घे," म्हणाले आणि पुढे गेले. घरी येऊन तीन पुस्तकं काढली. तिन्हींत तेच वाक्य आहे, त्याच्या पुढे काही नाही. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, हुशार आहे. त्या दिवसापासून तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही. विभागप्रमुख सर म्हणतात, सीईटीला फार तर एखादा प्रश्न येतो, अपवाद पाठ करून घ्या आणि पोर्शन संपवा. मी तिला काय सांगू? आणि खरं उत्तर नेमकं काय आहे? कृपया नाव छापू नये.

उत्तर : मुलीचं आधी घेते, कारण रसायनशास्त्र थांबेल, पण ती थांबणार नाही.

उद्याच्या तासाला हजेरी झाली की सगळ्या वर्गासमोर सांगा, की त्या दिवशी हिने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि मी दिलेलं उत्तर उत्तरच नव्हतं. तिला एकटीला स्टाफरूममध्ये बोलावून सांगू नका. हसू चारचौघांत झालं, तेव्हा त्याची भरपाईही चारचौघांतच व्हायला हवी. आणि हे सांगताना तिला उभी करू नका, तिची स्तुती करू नका. सोळा वर्षांच्या मुलीला अख्ख्या वर्गाच्या नजरा झेलायला लावणं हीसुद्धा शिक्षाच असते. नुसतं एवढं म्हणा आणि फळ्याकडे वळा.

आपली चूक झाली हे वर्गात म्हटलं तर मुलं डोक्यावर बसतील, अशी भीती नव्या शिक्षकाला असते. मलाही होती. "अर्धं भरलेलं म्हणून स्थिर" हे वाक्य मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं ते मोजायची हिंमत होत नाही. एकदा पेपर तपासताना एका मुलाने त्याच्या मराठीत उत्तर लिहिलेलं सापडलं : "नायट्रोजन समाधानी असतो, ऑक्सिजन नसतो." मी हसले आणि पूर्ण गुण दिले. रात्री भांडी घासताना लक्षात आलं की त्याने माझंच वाक्य प्रामाणिकपणे मराठीत आणलं होतं आणि मराठीत आल्यावर त्यातला पोकळपणा उघडा पडला होता. 'स्टेबल' म्हटलं की शास्त्र वाटतं. 'समाधानी' म्हटलं की कळतं, आपण काहीच सांगितलेलं नाही.

आणि चुकायचंच तर मोठ्यांच्या पंगतीत चुकता येतं. 1914 साली जेम्स फ्रँक आणि गुस्ताव हर्ट्झ या दोघांनी बर्लिनमध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि पाहिलं की 4.9 व्होल्टला ते आपली ऊर्जा पाऱ्याच्या अणूला देऊन टाकतात. त्यांनी जाहीर केलं, ही पाऱ्याची आयनीकरण ऊर्जा. ती नव्हती. पाऱ्याचा इलेक्ट्रॉन पूर्ण सुटायला 10.4 लागतात. 4.9 ला तो नुसता वरच्या पायरीवर चढतो, घराबाहेर पडत नाही. नील्स बोर यांनी पुढच्याच वर्षी हे दाखवून दिलं. प्रयोग अचूक होता, अर्थ चुकला होता. त्याच प्रयोगासाठी दोघांना 1925 चं नोबेल मिळालं. आपलं तर फक्त अकरावीचं एक वाक्य चुकलंय.

आता उत्तराकडे. तुमच्या मुलीने नेमकी दुखरी नस पकडली आहे. अणूला काही कळत नाही. अर्धं काय, पूर्ण काय, अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) काय, ही मोजदाद आपण बाहेरून करतो. मग आकडा वेगळा का येतो, याचं कारण अणूच्या आतच, एकेका इलेक्ट्रॉनच्या पातळीवर शोधायला हवं. आणि ते सापडतं. त्यासाठी एक सवय मात्र मोडावी लागेल. आपण नुसत्या अणूकडे बघतो आणि 'हा स्थिर', 'तो अस्थिर' म्हणतो. आयनीकरण ऊर्जा म्हणजे फरक आहे : इलेक्ट्रॉन जाण्याआधीचा वायुरूप अणू आणि गेल्यानंतरचा आयन, या दोघांच्या ऊर्जेतला. बँकेत आधीची शिल्लक आणि नंतरची शिल्लक दोन्ही पाहिल्याशिवाय खर्च किती झाला ते कळत नाही, तसंच.

मी तुमच्या जागी असते तर नायट्रोजनपासून सुरुवात केलीच नसती. आधी फळ्यावर एकच आकडा लिहिला असता : हायड्रोजन, 1312. माप किलोज्यूल प्रति मोल, खालचे सगळे आकडे याच मापातले. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, मध्ये कोणी नाही.

मग हेलियम. प्रोटॉन दोन. हायड्रोजनसारखा एकच इलेक्ट्रॉन असेल तर ऊर्जा प्रभाराच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या हिशोबाने चौपट, 5248 यायला हवी. मुलांना गुणाकार करू द्या. मग खरा आकडा सांगा : 2372. निम्म्याहून कमी! बाकीची गेली कुठे? वर्गात शांतता पसरेल, ती पसरू द्या. मग विचारा, हेलियमचा एक इलेक्ट्रॉन आधीच काढून टाकला आणि उरलेला दुसरा काढायचा म्हटलं तर? तो आकडा आहे 5250. गुणाकार बरोबर होता. फक्त शेजारी नव्हता तेव्हा बरोबर होता. दुसरा इलेक्ट्रॉन घरात असला की तो पहिल्याला ढकलतो आणि केंद्रकाची ओढ थोडी झाकतोही. ज्याला आपण 'शिल्डिंग' म्हणतो ते एवढंच आहे, आणि या दोन आकड्यांत ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याच व्याख्येत दिसत नाही.

जाता जाता एक. तुमची मुलगी मराठी माध्यमातून आली आहे. तिच्या दहावीच्या पुस्तकात केंद्रक, प्रभार, कवच, गण, आवर्त हे शब्द होते. अकरावीत एका उन्हाळ्यात ते सगळे गेले आणि न्यूक्लियस, चार्ज, शेल, ग्रुप, पीरियड आले. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे म्हणून इंग्रजी शब्द शिकवाच, पण समजावताना 'शिल्डिंग म्हणजे आडोसा' असं एकदा म्हणून बघा. वाऱ्याला दिवा विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरतात, हे तुमच्या प्रत्येक मुलाने घरी पाहिलंय. आणि हाताच्या आडोशातून थोडा वारा येतोच, हेही पाहिलंय. ते लगेच कामाला येतं.

कारण पुढचा लिथियम. तीन प्रोटॉन, आतल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, बाहेर एक. आतल्या दोघांनी पूर्ण आडोसा केला असता तर बाहेरच्याला एकाच प्रोटॉनची ओढ जाणवली असती आणि दुसऱ्या कवचात असल्यामुळे 1312 चा चौथा हिस्सा, म्हणजे 328 पुरले असते. प्रत्यक्षात लागतात 520. आडोसा गळका आहे. बाहेरचा इलेक्ट्रॉन बाहेरच बसून राहत नाही, त्याचा थोडा वावर आतल्या दोघांच्याही आत, केंद्रकाजवळ असतो. उलट हिशोब करा, 520 भागिले 328, त्याचं वर्गमूळ : सुमारे 1.26. हाच तुमचा 'इफेक्टिव्ह न्यूक्लियर चार्ज', मुलांनी स्वतः काढलेला. पाठ्यपुस्तकातली चार कारणं (केंद्रकावरचा प्रभार, अंतर, आडोसा, आणि इलेक्ट्रॉन एस आहे की पी) वेगळी लिहून द्यायची गरज उरत नाही. तीन अणूंत तीन आलीच. चौथं बेरिलियम-बोरॉनपाशी येतं.

तिथेही आपण तेच खोटं सांगतो : बेरिलियमचं टू-एस पूर्ण भरलेलं, म्हणून स्थिर, म्हणून 899, आणि बोरॉन 801. बोरॉनचा जो इलेक्ट्रॉन आपण काढतो तो मुळात वेगळ्या जातीचा आहे. एस इलेक्ट्रॉनचा केंद्रकाजवळ वावर असतो, पी इलेक्ट्रॉनचा ढग केंद्रकापाशी शून्य होतो. त्यामुळे पी वर आडोसा जास्त, तो वरच्या पातळीवर, सुटायला सोपा. बेरिलियम खूश आहे म्हणून नाही. हे पाच मिनिटांत होतं.

नायट्रोजनला मात्र वेळ द्या. बोरॉनपासून निऑनपर्यंत सहा आकडे एका ओळीत लिहा :

बोरॉन 801, कार्बन 1086, नायट्रोजन 1402, ऑक्सिजन 1314, फ्लुओरिन 1681, निऑन 2081.

मुलांना आलेख काढायला लावा आणि काही सांगू नका. दोन जिने दिसतील. पहिला तीन पायऱ्यांचा, मग एक उतार, मग पुन्हा तीन पायऱ्या. आता विचारा : नायट्रोजन जास्त उंच आहे, की ऑक्सिजन जास्त खाली? पहिला जिना तसाच पुढे नेला तर ऑक्सिजन 1700 च्या वर जायला हवा होता, तो जवळजवळ 400 ने खाली आहे. दुसरा जिना मागे नेला तर नायट्रोजन 950 च्या आसपास यायला हवा होता, तो साडेचारशेने वर आहे. कोण बिघडलंय हे तुम्ही कुठल्या जिन्यावर उभे आहात त्यावर ठरतं. 'नायट्रोजन विशेष' हा आपला पक्षपात. फ्लुओरिन आणि निऑनही त्याच उतारानंतरचे आहेत, त्यांच्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही.

जिना तुटतो का, हे मोजता येतं. फळ्यावर तीन चौकोन काढा, पी चे. इलेक्ट्रॉन बाणाने दाखवा, जसे नेहमी दाखवता. बाणाची दिशा म्हणजे स्पिन. एक नियम सांगावा लागेल, तो मात्र सांगायचाच, कारण तो खरंच नियम आहे : एकाच दिशेच्या बाणाचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात. प्रभार सारखे म्हणून तर टाळतातच, पण त्याहून जास्त, पाउली या शास्त्रज्ञाने मांडलेल्या तत्त्वामुळे. त्यामुळे सारख्या बाणांची प्रत्येक जोडी म्हणजे थोडं कमी भांडण, थोडी वाचलेली ऊर्जा. जोडी मोडली की ती बचत गेली.

आता जोड्या मोजा. बोरॉनकडे पी चा एकच इलेक्ट्रॉन, जोडी नाही. तो काढला, नुकसान शून्य. कार्बनकडे दोन बाण वर, एक जोडी. एक काढला, जोडी मोडली, नुकसान एक. नायट्रोजनकडे तीन बाण वर. तीन मैत्रिणींत जोड्या किती? तीन. एक गेली तर उरलेल्या दोघींत एक. नुकसान दोन. आता ऑक्सिजन. चौथा बाण खाली तोंड करून कोणाच्या तरी चौकोनात शिरतो. वरच्या तिघांत तीन जोड्या, खालचा एकटा. जातो तो हाच. तीन जोड्या होत्या, तीन राहिल्या. नुकसान शून्य! शिवाय शेजाऱ्याशी एकाच चौकोनात दाटीवाटीने राहण्याचा त्रासही संपला. फ्लुओरिन : खाली दोन, एक जोडी मोडते, नुकसान एक. निऑन : नुकसान दोन.

शून्य, एक, दोन, शून्य, एक, दोन. हेच दोन जिने. केंद्रकावरचा प्रभार प्रत्येक पावलाला वाढतोय म्हणून दोन्ही जिने वर जातात आणि ऑक्सिजनपाशी मोजणी शून्यावर येते म्हणून मध्ये घसरण.

म्हणजे मुलीला उत्तर असं : अणूला अर्धं भरल्याचं कळत नाही. जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला फक्त आपल्या दिशेचे सोबती किती आणि आपल्या चौकोनात दुसरं कोणी आहे का, एवढंच 'जाणवतं'. तीन सारखे सोबती ही नायट्रोजनची स्थिती आहे, तिला 'अर्धं भरलेलं' हे नाव आपण दिलं. नाव खोटं नाही. नावालाच कारण म्हणणं खोटं.

ती खरंच हुशार असेल तर इथे थांबणार नाही. ती खालच्या ओळीत बघेल. फॉस्फरस 1012, गंधक 1000. उतार 88 वरून 12 वर आला. त्याखाली आर्सेनिक आणि सेलेनियममध्ये तर फरक नावापुरता. आणि त्याखाली अँटिमनी 831, टेल्यूरियम 869. उलटं झालं! अँटिमनीचं पी ही अर्धंच भरलेलं आहे. अर्धं भरणं हा कायदा असता तर तो सगळ्या मजल्यांवर चालला असता. खरं असं आहे की खाली जाल तसा इलेक्ट्रॉनचा ढग पसरतो, दोघांना राहायला जागा मिळते, एका जोडीची किंमत घसरते, आणि वाढत्या प्रभाराच्या ओढीपुढे ती टिकत नाही. जड अणूंत आणखीही काही गोष्टी मिसळतात, त्या अकरावीत नकोत. पण हे दोन आकडे तेवढे खिशात असू द्या. तुमच्या तीन पुस्तकांपैकी एकानेही ते दिले नसतील अशी माझी पैज.

हे झालं पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर. आता न विचारलेलं एक सांगते, कारण तोच रोग आणखी एका जागी आहे आणि तिथे तो जास्त पसरलेला आहे.

"सोडियमला आपला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरिनला घ्यायचा असतो." आठवीपासून आपण हे लग्न लावत आलोय. सोडियमला काहीही द्यायचं नसतं. त्याच्याकडून तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला 496 लागतात. हा आकडा मुलांना परका वाटतो, म्हणून मी चहाच्या भाषेत सांगत असे : 23 ग्रॅम सोडियमच्या वाफेतून प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायचा तर जितकी ऊर्जा लागते तितक्यात दीड लिटर पाण्याला उकळी येते. देण्याची हौस असलेला माणूस असा वागतो का? क्लोरिनने तो इलेक्ट्रॉन घेतला की 349 परत मिळतात. म्हणजे व्यवहार 147 ने तोट्यातच. मग मीठ तयार होतं कशामुळे? सुटे धन आणि ऋण आयन जवळ येऊन स्फटिक रचतात तेव्हा 787 मोकळे होतात म्हणून. सगळा फायदा त्या रचनेत आहे. 'अष्टक पूर्ण झाल्याचा आनंद' या हिशोबात कुठेच येत नाही.

मग सोडियम एकावर का थांबतो? कारण दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला, त्याची किंमत 4562, आणि ती कुठलाच स्फटिक भरून देत नाही. मॅग्नेशियम दोन देतो कारण 738 आणि 1451 परवडतात, तिसऱ्याचे 7733 परवडत नाहीत. मुलांना संयुजा पाठ करायला लावण्याऐवजी अॅल्युमिनियमचे चार आकडे द्या, 578, 1817, 2745, 11577, आणि विचारा हा गडी कुठे थांबेल. मागच्या बाकावरचा मुलगाही सांगेल.

वरून खाली कमी होते याबद्दल फार बोलू नका, ते त्यांना कळतं : लिथियम 520, सोडियम 496, पोटॅशियम 419, रुबिडियम 403, सीझियम 376. फक्त ओळ एवढी सरळ सगळीकडे नसते हे कानावर असू द्या. अॅल्युमिनियम आणि गॅलियम जवळजवळ सारखे, 578 आणि 579, कारण मध्ये दहा डी इलेक्ट्रॉन आले आणि डी चा आडोसा फारच विरळ. हाताच्या ऐवजी चाळणी धरल्यासारखा.

विभागप्रमुख सरांचं काय? त्यांच्याशी भांडू नका. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, ते कायम आहेत, आणि पोर्शनबद्दल त्यांचं म्हणणं चूक नाही. सीईटीच्या पर्यायांत 'अर्धं भरलेलं' असेल तर मुलांनी तिथेच टिक करायची, हे मुलांना स्पष्ट सांगा. मी सांगत असे : परीक्षेत हे वाक्य लिहा, ते उत्तराचं नाव आहे. तपासणाऱ्याला नाव लागतं. मुलांना यात फसवल्यासारखं वाटत नाही. आधार कार्डावरचं नाव वेगळं आणि घरातलं हाक मारायचं नाव वेगळं, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

वेळेचा हिशोब मी केलाय. हायड्रोजन, हेलियम, लिथियमला पंधरा मिनिटं, दोन जिन्यांना वीस, मीठाला दहा. एक तासिका. जादा तासाचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून जादा तास घ्या असं म्हणत नाही. अपवादांची यादी लिहून द्यायला आणि दुसऱ्या दिवशी ती पाठ झाली का हे विचारायला जो तास जातो तोच वापरा.

आणि सरांनी विचारलंच, की या आकड्यांचा उपयोग काय, तर त्यांना नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. 1894 मध्ये आरगॉन सापडल्यापासून जवळजवळ सत्तर वर्षं पुस्तकं लिहीत होती की आरगॉन, झेनॉनसारखे निष्क्रिय वायू कशाशीही संयोग पावत नाहीत, आणि पुढे पुढे कारणही देत होती : त्यांचं अष्टक पूर्ण. पुन्हा तेच, समाधानी! कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बार्टलेटला प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडपासून एक नारिंगी घन पदार्थ मिळाला. तपासल्यावर निघालं की त्या हेक्झाफ्लुओराइडच्या वाफेने चक्क ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन हिसकावला आहे. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीकरण ऊर्जा 1175. बार्टलेटने तक्त्यात पाहिलं : झेनॉन, 1170. ऑक्सिजनकडून निघतो तर झेनॉनकडून का निघू नये? 1962 साली त्याने दोन वायू एकत्र सोडले आणि काही क्षणांत पिवळट-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्या पदार्थाची नेमकी रचना पहिल्या अंदाजापेक्षा गुंतागुंतीची निघाली, पण झेनॉनने संयोग केला होता, यात शंका राहिली नाही. तक्ता सगळ्यांकडे होता. बाकीच्यांनी 'स्थिर' हा शब्द वाचला, याने आकडा वाचला.

शेवटी, त्या मुलीला बोलतं कसं करायचं. विचारून करू नका. तास संपताना फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवा आणि उत्तर देऊ नका : "पहिला इलेक्ट्रॉन आधीच गेला आहे. आता दुसरा काढायला ऑक्सिजनला जास्त ऊर्जा लागेल की फ्लुओरिनला?" डावीकडून उजवीकडे वाढते हे पाठ केलेली मुलं फ्लुओरिन म्हणतील. जोड्या मोजणारी मुलगी बघेल की ऑक्सिजनचा आयन आता नायट्रोजनच्या जागी आला आणि फ्लुओरिनचा ऑक्सिजनच्या जागी, म्हणजे घसरण एक घर पुढे सरकली. आकडे 3388 आणि 3374. ऑक्सिजन जिंकतो, चौदाने. पुसणाऱ्या शिपायाला सांगून तो कोपरा दोन दिवस तसाच राहू द्या. ती फळ्यापाशी आली नाही तर वहीत आकडेमोड करून शेवटच्या पानावर लिहील, म्हणून त्या आठवड्यात वह्या तपासायला घ्या आणि शेवटचं पान उलटून बघा.

तास दहा मिनिटं लांबला तर पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात घड्याळ बघत उभे राहतील. त्यांना आत बोलवा. तिघांत जोड्या किती, हा त्यांच्याच पोर्शनमधला प्रश्न आहे.